सगळं बिल संगणकाच्या नावानं कशाला?

रायपूरच्या गोल बाजारात हळद-धने तोलून देणाऱ्या दुकानदाराला क्वांटमचा काय उपयोग, हा प्रश्न हल्ली विद्वान मंडळीच विचारतात; दुकानदाराला तेवढी फुरसत नसते. २०२३च्या एप्रिलात केंद्रानं राष्ट्रीय क्वांटम मिशनला आठ वर्षांसाठी सहा हजार कोटी मंजूर केले, तेव्हापासून हा सूर चढला आहे. पूर्वपक्ष असा: कामाचा क्वांटम संगणक अजून झालेला नाही, म्हणून हे संशोधन म्हणजे पांढरा हत्ती.

पहिला अर्धा भाग मान्य. आजचे क्युबिट, म्हणजे या संगणकातले माहितीचे घटक, चुकतात आणि त्या चुका निस्तरण्यातच त्यांचा जीव जातो. निष्कर्ष मात्र लंगडा आहे. क्वांटम माहितीशास्त्र या विद्येचा एक मूळ प्रश्न संगणकाचा नाहीच. सूक्ष्म वस्तूचं मोजमाप करून तिच्याकडून माहिती काढायची तर किती निघेल, हा आहे.

त्याच दुकानात काट्यावर केशराची पुडी ठेवा. पंख्याच्या वाऱ्यानं शेवटचा आकडा थरथरतो. पंखा बंद केला की थांबतो. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या चार किलोमीटरच्या भुजांत सगळे पंखे बंद केले तरी थरथर उरतेच, कारण ती खुद्द निर्वातातली आहे. लहरींनी होणारी, प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहून लहान हालचाल तीत बुडून जाते. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल्टन केव्ह्ज यांनी १९८१ मध्ये तोड सुचवली: ही अनिश्चितता पुसता येत नसेल, तर आपल्याला मोजायचं नाही त्या बाजूला ढकला. २०१९ पासून लायगोत असा ‘दाबलेला’ प्रकाश नित्य वापरात आला आणि ताऱ्यांच्या टकरी सापडण्याचा अपेक्षित दर ४० ते ५० टक्क्यांनी वाढला. क्वांटम संगणकावाचून!

हे प्रकाशशास्त्र झालं, माहितीशास्त्र नव्हे, अशी पळवाट निघेल. पण याच केव्ह्जनी सॅम्युअल ब्राउनस्टाइन यांच्यासह १९९४ मध्ये मोजमापाच्या अचूकतेची क्वांटम मर्यादा माहितीच्या गणितात बसवली. आणि क्युबिटच्या चुका सुधारण्याचं गणित तर कृष्णविवरांवर डोकं खपवणारेही आज वापरतात.

हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होऊ घातली आहे. तिच्या २,६०० कोटींनाही मंजुरी त्याच एप्रिलातली. मिशनचं संवेदन-मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. तरी बातमी होते ती क्युबिटच्या आकड्यांची. आक्षेप घ्यायचाच तर इथे घ्या, आणि मिशनच्या वार्षिक हिशेबात मोजमाप किती सुधारलं तेही ठळक छापायला लावा.