विजयस्तंभाकडे निघणाऱ्या नवशिक्यांसाठी

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना देण्यास गेले. आज त्याच दिवशी हडपसरची आपली पोरे मुंढवा, खराडी, वाघोली करत दुचाकींवरून पेरणे फाट्याला निघतात. कित्येकांचे लायसन्स नवेकोरे. नगर रस्त्यावर ट्रकशेजारून ट्रिपल सीट, वर हातात झेंडा! हा कसला स्वाभिमान?

विहारांनी डिसेंबरच्या रविवारी नवशिक्यांना जथ्याने सरावाला न्यावे. पुढे एक जाणता, मध्ये नवशिके, शेवटी दुसरा जाणता. वेग सर्वांत कच्च्याचा. ओव्हरटेक नाही. हेल्मेट कलम १२९ नुसार सक्तीचेच आहे. अठराच्या आतल्याला चावी देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होतो. नावनोंदणी येत्या रविवारी वंदनेनंतर सुरू करावी.