दवंडी तीस दिवसांची

बालमित्रांनो, "ऐका हो ऐका!" अशी दवंडी तुमच्या आजोबांनी नक्की ऐकली असेल. पण ही दवंडी भारत सरकारच्या एका नियमातही आहे, हे ठाऊक आहे का?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीकडे जमिनीखाली कोळसा आहे. उकणी, नीलजईच्या उघड्या खाणी तिकडच्या मुलांनी पाहिल्याच असतील. खाणीमुळे रोजगार मिळतो, विजेसाठी कोळसा मिळतो. पण धूळ उडते, शेतं जातात, विहिरींचं पाणीही खाली जाऊ शकतं. मग आधीच विचार करायला नको?

म्हणून १९९४ साली केंद्र सरकारनं ठरवलं, की मोठ्या प्रकल्पाचे परिणाम आधी तपासायचे, मगच मंजुरी द्यायची. १९९७ मध्ये त्यात जनसुनावणी आली, म्हणजे गावकऱ्यांचं म्हणणं ऐकणं आलं. २००६ साली हा नियम नव्यानं लिहिला गेला. सुनावणीआधी निदान ३० दिवस लोकांना कळवायचं. वर्तमानपत्रात सूचना द्यायची आणि जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी पिटायची! अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत हवा. सुनावणीत कोण काय बोललं, ते शेवटी त्याच भाषेत समजावून सांगायचं. आहे की नाही गंमत?

२०२० च्या मार्चमध्ये सरकारनं नवा मसुदा काढला. कामं लवकर मार्गी लागावीत म्हणून त्यात ३० चे २० दिवस सुचवले होते. दहा दिवसांनी काय बिघडतं, असं वाटेल. पण समजा, ऐन कापूस वेचणीत सूचना आली. दिवसभर शेतात राबणाऱ्या आईबाबांनी अहवाल कधी वाचायचा, कुणाला विचारायचं, अर्ज कधी लिहायचा?

शिवाय मसुदा होता इंग्रजी-हिंदीत. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत त्याचं भाषांतर करा. त्यात आपली मराठीही आली. देशभरातून लाखो लोकांनी आपली मतं कळवली. तो मसुदा काही अंतिम झाला नाही. २००६ चाच नियम पुढे चालू राहिला. मात्र त्यात दुरुस्त्या होत असतात. २०२५ च्या सप्टेंबरात अणुखनिजं आणि इतर काही महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट मिळाली. तेव्हा कोळसा त्यात नव्हता, बरं का!

तेव्हा दोस्तहो, पेपरात 'जनसुनावणी' हा शब्द दिसला की थांबायचं. गाव कोणतं, तारीख कोणती, ते घरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. ज्या घरात आजी-आजोबांना वाचता येत नाही, तिथली दवंडी तुम्हीच!