जुळवलेली रायफल आणि घडवलेली रायफल

खंडेनवमीला हत्यारे पुजण्याची चाल आपल्याकडे घरोघर आहे. सुताराची पटाशी, पाडेलीचा कोयता, लोहाराचा घण ही सारी त्या दिवशी गंधफुलांनी सजतात. या पूजेच्या मुळाशी एक समजूत आहे. हत्यार ज्याच्या हाती, त्याला त्याचे मर्म ठाऊक असते. धार गेली तर तो ती लावतो, दांडा मोडला तर नवा बसवतो. ज्या हत्याराचे मर्म आपल्याला ठाऊक नाही, त्याची पूजा करता येईल. पण त्यावर भरवसा टाकता येईल काय? सीमेवरील जवानाच्या हातची रायफल ही आपल्या राष्ट्राची पटाशी आहे. ती परक्याच्या बाजारातून तयार आणावी, तिचे सुटे भाग आणून येथे जुळवावेत, की लोखंडापासून येथेच घडवावी, हा प्रश्न गेली कित्येक वर्षे आपल्यापुढे आहे. त्याचे उत्तर मात्र आपण नीट दिलेले नाही.

२०१९ साली सरकारने एकाच वेळी दोन वाटा धरल्या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘सिग ७१६’ या अमेरिकेत तयार झालेल्या ७२,४०० रायफली विकत घेण्याचा करार झाला. लगेच पुढच्या महिन्यात, ३ मार्च रोजी, उत्तर प्रदेशात अमेठीनजीक कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने एके-२०३ रायफली बनवण्याच्या कारखान्याचा प्रारंभ पंतप्रधानांच्या हस्ते झाला. पहिल्या वाटेने माल झपाट्याने आला; वर्षअखेरीस अमेरिकन रायफलींचा पहिला हप्ता लष्कराकडे पोचलासुद्धा. दुसऱ्या वाटेवर मात्र घासाघीस चालू राहिली. किंमत, परवान्याचे शुल्क, तंत्रज्ञान किती व केव्हा द्यायचे, या वाटाघाटींत दिवस गेले. सहा लाखांहून अधिक रायफलींचा, पाच हजार कोटी रुपयांवरचा करार व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला आणि कोरव्यातून पहिल्या पाच हजार रायफली बाहेर पडल्या त्या २०२३च्या आरंभी. एकीकडे दहा महिने आणि दुसरीकडे जवळजवळ चार वर्षे! ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३,००० ‘सिग’ रायफली ८३७ कोटी रुपयांना मागवण्यात आल्या, त्यामागचे कारण या तफावतीत शोधता येते.

केवळ हिशेबाच्या चष्म्यातून पाहणारा म्हणेल, तयार माल घ्या आणि मोकळे व्हा. परंतु हिशेबही इतका सरळ नाही. शेवटच्या खरेदीत एक अमेरिकन रायफल सुमारे १ लाख १५ हजार रुपयांना पडली. कोरव्याच्या कराराची सरासरी ८३ हजारांच्या आसपास येते. दोन्ही रायफली वेगळ्या, त्यांची काडतुसेही वेगळी. म्हणून ही तुलना ताणण्यात अर्थ नाही. तरीही एक गोष्ट उघड आहे. तयार शस्त्राची किंमत खरेदीच्या दिवशी संपत नाही. ते वीस-पंचवीस वर्षे वापरायचे असते. नळी झिजते, स्प्रिंगा थकतात, चापाचे भाग बदलावे लागतात आणि प्रत्येक वेळी विकणाऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. त्या वेळी भाव त्याचा आणि मर्जीही त्याचीच.

यावर उपाय म्हणून ‘स्वदेशी’ हा शब्द पुढे केला जातो. येथेच खरी मेख आहे. परदेशातून खोक्यात बंद होऊन आलेले भाग येथल्या कारखान्यात एकमेकांना जोडले आणि वर आपला शिक्का उमटवला, म्हणजे रायफल स्वदेशी झाली असे नव्हे. जुळणी हे कौशल्याचे काम खरे. पण ती निर्मिती नव्हे. रायफलीचा प्राण तिच्या नळीत आणि गोळीचा स्फोट ज्याच्या तोंडाशी होतो त्या बोल्टमध्ये असतो. कोणते पोलाद घ्यायचे, ते किती तापवून कसे निववायचे, नळीला आतून पीळ कसा पाडायचा, आतल्या बाजूस क्रोमचा थर कसा चढवायचा, केसाच्या अंशाइतकाही फरक न पडता लाखो भाग एकसारखे कसे काढायचे, हे ज्ञान खोक्यातून येत नाही.

इतिहासात याचा एक बोलका दाखला आहे आणि त्याचे धागे आपल्या गोमंतभूमीपर्यंत पोचतात. १५४३ साली पोर्तुगीज प्रवासी जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. तेथील तरुण सरदाराने त्यांच्याजवळच्या दोन तोड्याच्या बंदुका मोठी किंमत देऊन घेतल्या आणि आपल्या लोहाराला तशाच बनवण्यास सांगितले. तलवारी घडवण्यात तरबेज असलेल्या त्या लोहाराला नळी साधली. पण नळीचे मागचे तोंड बंद करणारा आट्यांचा स्क्रू काही केल्या साधेना. पुढल्या वर्षी आलेल्या एका पोर्तुगीज कारागिराने ती युक्ती शिकवली, तेव्हा कोठे बंदूक पूर्ण झाली. त्यानंतर मात्र जपानने मागे वळून पाहिले नाही. अवघ्या तीस-बत्तीस वर्षांत, १५७५च्या नागाशिनोच्या लढाईत, जपानी बनावटीच्या बंदुकांनी नामांकित घोडदळाचा फडशा पाडला. त्या पहिल्या बंदुका गोव्याकडच्या घडणीच्या होत्या, असे काही अभ्यासकांचे मत आहे. गोव्यातले कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात, अशी ग्वाही खुद्द अल्बुकेर्कने आपल्या राजाला दिली होती. म्हणजे हात आपल्याकडे होते आणि हुन्नरही होता. जपान्यांनी त्या एका स्क्रूचा ध्यास घेतला. आपल्याकडचा हुन्नर परक्याच्या चाकरीत राहिला आणि विरून गेला. फरक एवढाच, परंतु तो शतकांना पुरला.

स्वातंत्र्यानंतरची कहाणीही संमिश्र आहे. १९६२ मध्ये आपला जवान जुन्या .३०३ रायफलीनिशी हिमालयात लढला. त्या धड्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने बेल्जियन आराखड्यावरून स्वतःची स्वयंभरणी रायफल काढली आणि ती दीर्घकाळ लष्कराच्या कामी आली. पुढे पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेने ‘इन्सास’चा आराखडा केला. ती लष्कराच्या हाती पडायला नव्वदचे दशक सरत आले. १९९९च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीने तिच्या मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हापासून ‘देशी म्हणजे कच्चे’ हे मत पक्के होत गेले. आम्हांस ते मान्य नाही. दोष देशी घडणीचा नव्हता. जवानाची तक्रार कारखान्यापर्यंत पोचून वेळीच सुधारणा होण्याची व्यवस्था ढिली होती. मूल पहिल्या पावलाला पडले म्हणून त्याला कायम कडेवर घेऊन फिरणारी आई त्याचे हितच करते असे नाही.

हाच प्रश्न आपल्या दाराशीही उभा आहे. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्य’ या दोन फ्रिगेटींची बांधणी हाती घेण्यात आली. पहिलीचे जलावतरण जुलै २०२४ मध्ये झाले, दुसरीचे मार्च २०२५ मध्ये. त्यांच्याच जातीच्या ‘तुशिल’ आणि ‘तमाल’ या दोन नौका रशियातील कालिनिनग्राद येथून तयार घेतल्या. एकाच आराखड्याच्या चार नौका, दोन विकतच्या आणि दोन घरच्या. या नौकांची गॅस टर्बाइन इंजिने मात्र युक्रेनची. २०१४ नंतर युक्रेन ती रशियाला देईना, म्हणून भारताने ती स्वतः विकत घेऊन रशियाच्या गोदीत पोचवली. दोन भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या अंगणांतून आपल्याला आपल्या नौकेचे काळीज वाहून न्यावे लागले! आमच्या मच्छीमार बांधवांना हे निराळे सांगायला नको. होडी गावच्या सुताराची असली, तरी परदेशी इंजिनाचा भाग मिळेना झाला की ती ऐन हंगामात वाळूवर पडून राहते. तरीही वास्कोच्या कामगारांनी जे बांधले, त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. सांगाडा बांधणारा हातच उद्या इंजिनाला हात घालू शकतो. नुसते पैसे मोजणाऱ्या हाताला ते जमत नाही.

जुळणीपासून निर्मितीकडे जाता येतच नाही, असे कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. १९८३च्या डिसेंबरात मारुतीच्या पहिल्या मोटारी जपानी भाग जुळवूनच बाहेर पडल्या होत्या. पण देशी भागांचे प्रमाण ठराविक मुदतीत वाढवण्याची अट पाळली गेली, कारखान्याच्या आसपास भाग बनवणाऱ्यांची फळी उभी राहिली आणि त्यातून एक मोठा उद्योग जन्मला. जुळणी ही पायरी म्हणून वंद्य आहे. मुक्काम म्हणून निंद्य आहे. कोरव्याच्या बाबतीत हीच कसोटी लावली पाहिजे. निम्मे भाग देशी झाले आहेत आणि २०२५च्या डिसेंबरअखेर पूर्ण स्वदेशी ‘शेर’ रायफल हाती येईल, असे त्या कारखान्याच्या प्रमुखांनी जुलै २०२५ मध्ये सांगितले होते. अशा घोषणांचे आम्ही स्वागत करतो. पण टक्क्यांचा हिशेब फसवा असतो. दस्ता, पट्टा, पेटी यांनीही टक्के भरतात. नळी कोणी घडवली, बोल्टचे पोलाद कोठले, यंत्रे आणि गेज कोणाची, आराखड्यात फेरफार करण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे संसदेपुढे आली पाहिजेत.

आणखी एक गोष्ट. आज ‘सिग’ला ७.६२ बाय ५१, एके-२०३ला ७.६२ बाय ३९ आणि ‘इन्सास’ला ५.५६ मिलिमीटरचे काडतूस लागते. ऐन लढाईत एका ठाण्याची काडतुसे शेजारच्या ठाण्याला निरुपयोगी ठरावीत, ही धरसोडीने केलेल्या खरेदीची किंमत आहे. उलटपक्षी आशेला जागाही आहे. त्याच पुण्याच्या संस्थेने आरेखित केलेली आणि भारत फोर्जने बनवलेली कार्बाइन २०२५ मध्ये लष्कराच्या निविदेत सर्वांत कमी किमतीची ठरली. आपल्याला येत नाही, असे म्हणण्याची सोय यापुढे राहिलेली नाही.

शत्रू दारात असताना तयार शस्त्र विकत घेण्यात लाज नाही. आग लागल्यावर विहीर खणत बसा, असा उपदेश आम्ही सरकारला करणार नाही. पण आग विझल्यानंतरही विहीर न खणणारा गृहस्थ शहाणा म्हणवत नाही, आणि शेजाऱ्याची घागर आणून तिच्यावर आपले नाव कोरणारा तर मुळीच नव्हे. बर्फात पहारा देणाऱ्या जवानाला रायफलीवरचा शिक्का वाचायला सवड नसते. चाप ओढल्यावर ती चालली पाहिजे आणि बिघडली तर तिचा भाग त्याच्याच देशात मिळाला पाहिजे, एवढीच त्याची मागणी आहे. ती पुरी करण्यासाठी जो एक स्क्रू शिकायचा राहिला असेल, तो शिकल्याचे राज्यकर्त्यांनी देशाला दाखवून द्यावे.