कामाची मागणी हाच रोजगार हमीचा प्राण

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगाराविषयी नवा कायदा संमत केला. गावोगावी ‘मनरेगा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २००५ सालच्या कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणण्यात आला. ‘विकसित भारत रोजगार व आजीविका हमी मिशन (ग्रामीण)’ असे त्याचे लांबलचक नाव असून २१ डिसेंबर २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यानंतर महात्मा गांधींचे नाव का वगळले, यावर देशभर मोठा वाद झाला. तो वाद निरर्थक होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपल्या अमरावती धर्मप्रांतातील बुलडाणा जिल्ह्यात ज्या घरची चूल मजुरीवर पेटते, त्या घराचा प्रश्न नावाच्या पलीकडचा आहे. सरकारकडे काम मागण्याचा मजुराचा हक्क पूर्वीइतकाच बळकट राहणार की नाही, हा तो प्रश्न. ख्रिस्ती श्रद्धावंत म्हणून या प्रश्नाकडे आपण कसे पाहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

रोजगार हमीची कल्पना मूळची महाराष्ट्राची. १९७२ च्या भीषण दुष्काळात राज्यातील लाखो माणसे खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली होती. त्या वेळी मुख्यमंत्री होते आपल्या वऱ्हाडातील पुसदचे वसंतराव नाईक आणि विधान परिषदेचे सभापती होते वि. स. पागे. हाताला काम मागणाऱ्या प्रत्येकाला ते देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, ही पागे यांची धारणा होती. त्यांच्या आग्रहातून आलेल्या योजनेचे पुढे १९७७ साली कायद्यात रूपांतर झाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. पैसा उभा करण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. त्या कराइतकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. आजही महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारपत्रकावर दरमहा जी २०० रुपयांची कपात दिसते, तिचे मूळ खेड्यातील मजुराच्या कामात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शहराने खेड्याचा भार वाटून घ्यावा, ही त्यामागील भावना होती.

या महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार घेऊन २००५ चा केंद्रीय कायदा झाला. ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम, मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता आणि स्त्री-पुरुषांना समान मजुरी, ही त्याची ठळक वैशिष्ट्ये. मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्र सरकार करीत असे आणि साहित्याच्या खर्चाचा तीन चतुर्थांश भागही केंद्राकडूनच येई. शंभर दिवसांनंतरच्या २६५ दिवसांची जबाबदारी महाराष्ट्राने आपल्याच कायद्याखाली स्वीकारलेली होती. कागदावर पाहिले तर आपल्या राज्यातील मजुराला वर्षभर कामाची हमी होती.

नव्या कायद्याने दिवसांची संख्या १०० वरून १२५ केली आहे. जलसुरक्षा, ग्रामीण पायाभूत सुविधा, उपजीविकेची साधने आणि तीव्र हवामानापासून संरक्षण अशी कामांची चार क्षेत्रे त्यात आखून दिली आहेत. ही बाजू स्वागतार्ह आहे. मात्र त्याचबरोबर तीन मोठे बदल झाले आहेत. पहिला बदल पैशाचा. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राने ६० टक्के आणि राज्याने ४० टक्के खर्च उचलायचा आहे. दुसरा बदल निधीच्या मर्यादेचा. प्रत्येक राज्याला वर्षाला किती रक्कम द्यायची हे केंद्र आधीच ठरवील आणि त्यापलीकडचा खर्च राज्याच्या माथी येईल. तिसरा बदल असा की, पेरणी आणि कापणीच्या हंगामात वर्षातील एकूण ६० दिवस ही कामे बंद ठेवायची आहेत.

या बदलांचे समर्थक म्हणतात की राज्यांचा पैसा गुंतला म्हणजे ती अधिक जबाबदारीने वागतील, बोगस हजेरीला आळा बसेल आणि हंगामात शेतकऱ्याला मजूर मिळतील. या म्हणण्यात तथ्यांश आहे. कागदावर झालेली कामे, यंत्राने खोदून मजुरांच्या नावे लावलेली हजेरीपत्रके यांच्या तक्रारी पूर्वीपासून होत आल्या आहेत आणि ज्यांना गरिबांची काळजी आहे त्यांनी तरी त्यांकडे डोळेझाक करू नये. परंतु १२५ दिवसांचा आकडा ऐकून समाधान मानण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुन्या कायद्यात १०० दिवसांची हमी असताना अलीकडच्या वर्षांत देशातील कुटुंबाला प्रत्यक्षात मिळालेले काम सरासरी ५० दिवसांच्या आसपासच होते. ज्याच्या ताटात अर्धीच भाकरी पडत होती, त्याला सव्वा भाकरीचे आश्वासन मिळाले, एवढाच याचा अर्थ होतो. भाकरी अर्धी का पडत होती, याचे उत्तर शोधल्याविना ताट भरणार नाही.

आमच्या मते ते उत्तर मागणीच्या नोंदीत दडलेले आहे. मजुराने नमुना ४ भरून काम मागायचे आणि त्याची तारखेसह पोच घ्यायची, असा आपल्याकडील रिवाज. ही पोच हाती असेल तरच पंधरा दिवसांची मुदत मोजता येते आणि भत्ता मागता येतो. व्यवहारात मात्र उलट घडते. आधी काम मंजूर होते, मग त्या कामापुरती मजुरांची नावे घेतली जातात आणि मागणीचा अर्ज नंतर जुळवला जातो. पोच दिली जात नाही, म्हणून भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘मागेल त्याला काम’ हे सूत्र अशा रीतीने ‘असेल तेव्हा काम’ असे होऊन बसते. आता निधीची मर्यादा आधीच ठरणार असल्याने हा कल आणखी वाढण्याची भीती आहे. रक्कम संपत आली की मागणी नोंदवून घेण्याची टाळाटाळ करण्याकडेच यंत्रणेचा ओढा राहील. भत्ता देण्याची जबाबदारी राज्याची असल्यामुळे तर तो अधिकच राहील.

बुलडाणा जिल्ह्याची रचना पाहिली म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा घाटावरचा मुलूख आता मुख्यतः सोयाबीनचा. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर या पूर्णेच्या खोऱ्यात कपाशीचे महत्त्व अधिक आणि त्यातील काही भाग खारपाणपट्ट्याचा. सोयाबीनची सोंगणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आटोपते, तर कापसाची वेचणी त्यानंतर कित्येक आठवडे चालते. तणनाशकांनी निंदणाचे काम घटवले, मळणीयंत्रांनी सोंगणीनंतरचे. ओलिताची सोय नसलेल्या गावात फेब्रुवारीपासून मृगापर्यंत हाताला काम नसते. मग पुणे, मुंबई, सुरतची वाट धरावी लागते, मुलांची शाळा सुटते, घरी म्हातारी माणसे उरतात. समृद्धी महामार्ग या जिल्ह्यातून जातो, तो जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. रस्त्याने अंतर कमी झाले हे खरे. पण ज्याला गावातच काम हवे आहे, त्याला रस्ता केवळ दूर नेतो.

म्हणूनच ६० दिवसांच्या बंदीचा विचार सरसकट करून चालणार नाही. हंगामात मजूर मिळत नाहीत ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. परंतु बाजारात हमीभावाइतका दर मिळत नसल्याची ओरड गेल्या काही हंगामांत सतत ऐकू आली. अशा शेतकऱ्याला मजुरी वाढवून देणे जड जाते. तथापि त्याच्या अडचणीचे मूळ शेतमालाच्या भावात आहे, आणि मजुराचे काम बंद ठेवून भाव वाढत नाही. शिवाय कोरडवाहू दोन-तीन एकरांचा धनी आणि रोजगार हमीचा मजूर हा पुष्कळदा एकच माणूस असतो. याच योजनेतून त्याच्या शेतात विहीर झाली, १९९० पासून फळबागा उभ्या राहिल्या. तेव्हा शेतकरी आणि मजूर यांना समोरासमोर उभे करणे हा मुळातच चुकीचा मार्ग होय. हंगामाच्या तारखा ठरवताना राज्यांना निरनिराळ्या भागांसाठी वेगळ्या अधिसूचना काढण्याची मुभा कायद्यात आहे. घाटावर आणि घाटाखाली एकच वेळापत्रक लादले जाऊ नये, एवढी मागणी तरी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी एकमुखाने करावी.

पैशाचा आक्षेपही तपासला पाहिजे. ४० टक्के वाटा राज्याला पेलणार नाही, असे म्हटले जाते. ज्या महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात केंद्राची वाट न पाहता ही योजना स्वतःच्या बळावर चालवली, त्याला ते अशक्य आहे असे आम्ही मानत नाही. प्रश्न अग्रक्रमाचा आहे. जुलै २०२४ पासून राज्याने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतून पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देण्यास सुरुवात केली, तेव्हा तिचा वार्षिक खर्च ४६ हजार कोटी रुपये सांगण्यात आला होता. त्या रकमेने अनेक घरांत औषध आले, वह्या-पुस्तके आली. हे नाकारणे अन्यायाचे ठरेल. पण हिशेब करून पाहा. वर्षाला ती मदत १८,००० रुपये होते. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातील मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. शंभर दिवस काम मिळाले असते, तर घरात ३१,२०० रुपये आले असते आणि गावात एखादा बंधारा किंवा पाणंद रस्ताही उरला असता. मदत आणि काम यांत एकाचीच निवड करा असे आमचे म्हणणे नाही. मदत देताना कामाची हमी मात्र कोपऱ्यात ढकलली जाऊ नये.

ख्रिस्तसभेची शिकवण याविषयी स्पष्ट आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात श्रमिकांच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना त्याच विश्वपत्राची आठवण करून दिली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’मध्ये धोरणे ठरवणाऱ्या शासनालाही एका अर्थाने मालकाच्या जबाबदारीत सामील करून घेतले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये सांगितले की गरिबांना पैशाची मदत करणे हा अडचणीच्या वेळचा तात्पुरता उपाय असावा, खरे ध्येय त्यांना श्रमातून सन्मानाने जगता येणे हे आहे. प्रभू येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील मजूर दिवस मावळेपर्यंत बाजारात रिकामे उभे होते. ते आळशी नव्हते, त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. आपल्या गावांतील रिकाम्या हातांबद्दल बोलताना ‘लोकांना कामच नको आहे’ असा शेरा सहज मारला जातो. तो मारण्यापूर्वी हा दाखला आठवावा.

वेतनाच्या विलंबाविषयीही धर्मशास्त्र कठोर आहे. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी चुकती करावी, असा मोशेच्या नियमशास्त्राचा आदेश. आपल्या कायद्याने पंधरा दिवसांची सवलत घेतली आणि तीही अनेकदा पाळली गेली नाही. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातूनच देण्याचा नियम सक्तीचा झाला. त्यामुळे मधल्या हातांना चाप बसला, पण नावातील एका अक्षराच्या फरकाने पैसे अडकलेली माणसेही वाढली. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, तो ही चूक दुरुस्त कशी करणार?

येथे आपले काम सुरू होते. बुलडाणा जिल्ह्यात आपली संख्या थोडी आहे, म्हणून आपल्या शब्दाला वजन नाही असे मानू नये. प्रत्येक धर्मग्रामात दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी मजूर बंधुभगिनींना, मग ते कोणत्याही धर्माचे वा जातीचे असोत, मागणीचा अर्ज भरून देण्याची आणि पोच मिळेपर्यंत त्यांच्यासोबत थांबण्याची सेवा पत्करावी. बँक खाते आणि आधार यांतील चुका दुरुस्त करून द्याव्यात. गावाच्या कामांचा आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला मिस्साइतक्याच नियमाने हजर राहावे आणि नवी योजना गावात कशी राबवली जाते, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. निधी संपला या सबबीखाली मागणी नाकारली गेली, तर ते लेखी द्यावे असा शांतपणे आग्रह धरावा. लेखी नकार हाच उद्याच्या दादेचा पुरावा असतो.

१ मे हा महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि श्रमिक संत योसेफ यांचा सण. ग्रामसभेचाही तो दिवस आहे. त्या दिवशी सकाळी आपण नाझरेथच्या सुताराला हार घालतो. त्याच दिवशी गावातील बेकार सुताराच्या, भूमिहीन मजुराच्या मागणीअर्जावर पोच मिळवून देता आली, तर तो सण खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.