पेठा उरतील, की पेठांची नावे?

पुण्याच्या पेठांतील एखादा वाडा जमीनदोस्त झाला की गतवैभवाबद्दल हळहळ व्यक्त करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. ही हळहळ खोटी नव्हे. परंतु तिचा रोख बहुधा कोरीव खांबांवर असतो, आणि पेठ ज्या अर्थकारणावर उभी राहिली ते मात्र दुर्लक्षित राहते.

पेठ म्हणजे मुळात बाजार. कसब्याभोवती शहर वाढले ते आपोआप नव्हे. शेटे-महाजन नेमावेत, नव्याने येणाऱ्या व्यापाऱ्यांस काही वर्षे करांत सवलत द्यावी आणि वस्ती वसवावी, अशी पेशवेकालीन रीत होती. वेताळ पेठेची गुरुवार पेठ झाली. सदाशिव, नारायण, नाना, रास्ता ही नावे व्यक्तींवरून पडली. नानासाहेबांच्या काळात कात्रजहून नळाने पाणी आणून ते सार्वजनिक हौदांत खेळविले गेले. तांबट आळीत हातोडा चाले त्याच घरात चूलही पेटे. निवास आणि उपजीविका यांचे हे साहचर्य हाच पेठेचा खरा स्वभाव होय.

या स्वभावाला पहिला मोठा धक्का १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने दिला. नदीकाठचे वाडे कोसळले आणि अनेक पूरग्रस्त कुटुंबे गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहतींत गेली. दुसरा धक्का संथ होता, म्हणूनच अधिक खोल गेला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना संरक्षण देणे न्याय्यच होते. पण तात्पुरता उपाय पिढ्यान् पिढ्या टिकला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वार्षिक चार टक्के वाढीची मुभा दिली. परंतु मूळ भाडे वीस रुपये असेल, तर चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी ते जेमतेम त्रेपन्न रुपये होते. एवढ्यात छपराची कौलेही शाकारता येत नाहीत.

परिणाम उघड आहे. डागडुजीत मालकाला लाभ नाही, भाडेकरूला मालकी नाही; वाडा पडण्यातच दोघांचे हित सामावते. मग विकसक येतो, तळमजल्यावर वाहनतळ होतो आणि रस्त्याशी बोलणारी ओसरी नाहीशी होते. दुकानदाराला कदाचित गाळा मिळतो; कारागिराला तेथे भट्टी लावता येत नाही.

भाडेकरूला गळक्या छपराखाली बसवून कोणी वारसा जपू नये, हे खरेच. दोन खोल्यांत आयुष्य काढलेल्या कुटुंबाला स्वतःचे न्हाणीघर हवे असेल, तर त्यात गैर काय? प्रश्न पुनर्बांधणी व्हावी की नाही हा नसून, ती कोणत्या अटींवर व्हावी हा आहे. तळमजल्यावर व्यवसायाला जागा राखणे, कारागिरांचे पुनर्वसन त्याच आळीत करणे आणि लहान वाड्यांच्या दुरुस्तीस स्वस्त कर्ज देणे ही पथ्ये पाळता येण्याजोगी आहेत. त्यांचा खर्च एकट्या मालकाच्या माथी मारता येणार नाही. ज्या शहराला आपल्या पेठांचा अभिमान आहे, त्याने तो उचलला पाहिजे. अभिमान फुकट बाळगता येतो, पेठ मात्र फुकट टिकत नाही.