बरोबरीचे मोल

इंग्लंडमधील एफए चषक ही १८७१ साली सुरू झालेली, फुटबॉलची सर्वांत जुनी राष्ट्रीय स्पर्धा. सामना बरोबरीत सुटला, तर तो प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर पुन्हा खेळला जाई. २०२४-२५ च्या हंगामापासून मुख्य फेऱ्यांतील हे फेरसामने बंद झाले. मोठ्या संघांचे वेळापत्रक भरगच्च आहे, हे त्याचे कारण.

ही सोय कोणाच्या पदरची? २००५ मध्ये कर्जात बुडालेल्या, पाचव्या श्रेणीतील एक्सेटर सिटीने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ०-० असे रोखले. त्या सामन्याच्या व फेरसामन्याच्या उत्पन्नावर तो क्लब तगला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच श्रेणीतील टॅमवर्थने टॉटनहॅमला ९० मिनिटे गोल करू दिला नाही. पूर्वी टॉटनहॅमच्या भव्य मैदानावरील तिकीटविक्रीत त्यांना वाटा मिळाला असता. आता जादा वेळेत तीन गोल झाले आणि सारे तिथेच आटोपले.

खेळाडूंचा थकवा खोटा नाही. परंतु २०२० मध्ये श्रूसबरीविरुद्धच्या फेरसामन्यात लिव्हरपूलने कोवळी मुले उतरवली, ती जिंकलीही, आणि प्रेक्षक ५२ हजारांवर आले! तेव्हा निदान भिन्न श्रेणींतील संघांपुरता तरी फेरसामना परत आणावा. ज्येष्ठांनी खुशाल विश्रांती घ्यावी.