पैसे देतो साहेब, आधी बिघाड दाखवा

पोस्ट मोठी आहे. पण ज्याच्या दारात वॉरंटी संपलेली चारचाकी उभी आहे, त्याने शेवटपर्यंत वाचावी. आज ना उद्या हा विषय त्याच्या खिशाला हात घालणार आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. वॉरंटी संपल्यावर गाडीचा एसी बिघडला तर खर्च गाडीमालकाने करायचा, यावर माझं काही म्हणणं नाही. मशीन आहे, बिघडणारच. माझी तक्रार वेगळी आहे. नेमकं काय बिघडलं ते न दाखवता, न लिहून देता, चाळीस-पन्नास हजारांचं एस्टिमेट आपल्यापुढे सरकवतात आणि आपण मुकाट्याने सही करायची असते. हे चूक आहे.

"एसी म्हणजे चैन. काच खाली करा अन् चला," असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता चाळीसगावहून जळगावला काच खाली करून जाऊन दाखवावं. खानदेशात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा खिडकीतून वारा येत नाही, भट्टीची धग येते. गाडीत लहान लेकरू असतं, म्हातारी आई असते, ऑपरेशन करून घरी निघालेला माणूस असतो. आणि पावसाळ्यात कन्नडच्या घाटात समोरची काच आतून धुरकट होते तेव्हा ती लवकर साफ करायला एसीच लागतो, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. म्हणजे प्रश्न गारव्याचाच नाही, समोरचं दिसण्याचाही आहे. खुद्द सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केला. ट्रक ड्रायव्हरसाठी जी गरज, ती बाकीच्यांसाठी चैन कशी?

आता एक उदाहरण देतो. माझ्या समोर घडलेलं आहे.

आमच्या ओळखीचे एक आप्पा आहेत. साठीला आलेले. स्वतःची गाडी स्वतः चालवून भाड्याने देतात. त्यांची जास्त भाडी पेशंटची. डायलिसिसवाले, किमोवाले, इथून संभाजीनगरला नेणं-आणणं. गाडी पाच वर्षांची, वॉरंटी केव्हाच संपलेली. गेल्या उन्हाळ्यात एसीतून गरम हवा यायला लागली. आप्पांनी गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला नेली. मी सोबत होतो. दुपारपर्यंत एस्टिमेट आलं: ५२ हजार आणि वर काही शे रुपये. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, दोन पाइप, गॅस, मजुरी.

मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला विचारलं, "लीक कुठे सापडलं?"

"सर, सिस्टीममध्ये गॅसच नाहीये."

"ते कळलं. पण गेला कुठून?"

"सर, कंपनीची प्रोसिजर अशीच आहे. पूर्ण सेट बदलावा लागेल. नाहीतर आम्ही गॅरंटी देऊ शकत नाही."

"प्रेशर किती आलं ते लिहून द्याल?"

"तसा फॉरमॅट नाही सर."

पोरगा उद्धट नव्हता. माझा राग त्याच्यावर नाहीच. त्याला जे सांगितलंय ते तो बोलत होता. आप्पांनी तपासणीचे पैसे भरले आणि गाडी परत आणली. गावातल्या एका एसी मिस्त्रीने सिस्टीममध्ये नायट्रोजन भरला, साबणाचं पाणी लावलं, आणि कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात बुडबुडे दाखवले. खडा लागून भोक पडलेलं. कंडेन्सर आणि ड्रायर बदलला, व्हॅक्युम केलं, गॅस भरला. साडेनऊ हजारांत काम झालं. कॉम्प्रेसरला हात लावावा लागला नाही. आप्पांच्या गाडीत पेशंट आजही बसतात.

ही पोस्ट 'कंपनीवाले चोर, गावचा मिस्त्री देव' अशी नाही. तसं असतं तर प्रश्न सोपा होता. कधी कधी कॉम्प्रेसर आतून खरंच झिजतो, जाम होतो, आणि त्याचा धातूचा चुरा सगळ्या सिस्टीममध्ये फिरतो. तेव्हा नुसता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही खराब होऊ शकतो. अशा वेळी कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह बदलायला सांगणं बरोबरच असतं. डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल लीक झाली तर कित्येक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यात तास जातात, मजुरी वाढते. म्हणजे ५२ हजारांचं एस्टिमेट एखाद्या गाडीत शंभर टक्के खरं असू शकतं. पण खरं आणि फुगवलेलं, दोन्ही एस्टिमेटं कागदावर हुबेहूब सारखी दिसतात. ती वेगळी ओळखायचं कोणतंही साधन आपल्या हातात ठेवलेलं नाही. दुखणं हे आहे.

गाडीचा एसी ही बंद नळ्यांची साखळी आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, समोरच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो, ड्रायर ओलावा शोषतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून गॅस मोकळा होऊन थंड होतो आणि डॅशबोर्डमधली कॉइल आतली हवा गार करते. तोच गॅस गोल गोल फिरतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही. म्हणून "दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो" हे खरं नाही. अनेक वर्षांत थोडासा झिरपतो, पण एका सीझनमध्ये संपला तर कुठेतरी लीक आहेच. ते कंडेन्सरला असेल, कॉइलला असेल, जोडावरच्या दोन-चारशेच्या आतल्या रबरी ओ-रिंगला असेल, नाहीतर गॅस भरायच्या वाल्वच्या पिनला. आणि कित्येकदा गॅस जागेवरच असतो. रिले गेलेला असतो, कंडेन्सरचा पंखा बंद असतो, प्रेशर स्विच खराब असतो, किंवा केबिन फिल्टरमध्ये वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. शंभर रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंत कारणं आहेत आणि बाहेरून लक्षण एकच: हवा गार येत नाही. अशा दुखण्यात निदानालाच सगळी किंमत असते. आणि नेमकं तेच आपल्याला लेखी मिळत नाही.

डॉक्टरकडे गेलो तर रक्ताचा रिपोर्ट आपल्या हातात मिळतो. एक्स-रे आपल्या पिशवीत असतो. तो घेऊन धुळ्याला दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतो. मग दहा लाखांच्या गाडीची तपासणी झाल्यावर प्रेशरचे आकडे आणि लीकची जागा लिहून द्यायला 'फॉरमॅट' का नसतो? कारण तो कागद मिळाला की गिऱ्हाईक दुसरीकडे भाव विचारू शकतं.

"एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची होती," हे दुसरं उत्तर. घ्या, जरूर घ्या, पण आधी त्यातल्या बारीक अक्षरातल्या अटी वाचा. गॅस, ऑइल, 'झीज' या नावाखाली काय काय वगळलंय ते बघा. एखादी सर्व्हिस बाहेर केली तर क्लेमचं काय होतं ते विचारा. आणि ज्याने जुनी गाडी घेतली, ज्याची मुदत गेली, त्याला हे उत्तर देऊन काय उपयोग?

हे मी एकटाच ओरडतोय असं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला होता. कारण काय? सुटे भाग खुल्या बाजारात सहज मिळू न देणं, तपासणीची यंत्रं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना न देणं. बाहेर काम केलं की सरसकट वॉरंटी रद्द, ही अट लावू नका, असंही आयोगाने बजावलं. पुढे प्रकरण अपिलात आणि कोर्टात गेलं, ते असो. पण देशाच्या आयोगाने रोग ओळखून दहा वर्षं उलटली, तरी आप्पांना "फॉरमॅट नाही" हेच ऐकावं लागलं.

मग केंद्राने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनं हाही एक विभाग आहे. चांगली गोष्ट. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने माहिती टाकली तर टाकली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे अजून वेबसाइटवरच समाधान मानायचं आहे. आपले खासदार-आमदार रस्ता आणि पुलाच्या उद्घाटनाला येतात, तेव्हा कोणी त्यांना हे विचारलंय का?

आता आपल्या गावातल्या मिस्त्री मंडळींनाही दोन शब्द. लीक न शोधता, व्हॅक्युम न करता, काटा न लावता 'अंदाजे' गॅस भरणारे तुमच्यातही आहेत. पंधराशे-दोन हजार घ्यायचे आणि महिन्याभरात गाडी परत. बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हणजे लीक असलेल्या गाडीत वरचेवर गॅस भरणं हे गिऱ्हाइकाच्या पैशाचं नुकसान आहे आणि उन्हात भरही. आणि पक्कं बिल? "भाऊ, बिलाचं काय घेऊन बसला" हे चालणार नाही. बिल नसेल तर उद्या भांडायला हातात काही राहत नाही.

तर मंडळी, सही करण्याआधी एवढं मागा.

पहिलं, बिघाड लेखी. प्रेशर किती, लीक कुठे, कशाने तपासलं. जॉब कार्डवर 'एसी नॉट कूलिंग' एवढंच लिहिलं असेल तर ती तुमची तक्रार झाली, त्यांचं निदान नव्हे. शक्य असेल तर लीक स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दुसरं, प्रत्येक पार्टचा नंबर आणि किंमत वेगळी, मजुरी वेगळी. पार्टच्या खोक्यावर एमआरपी असते, ती बघा. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के आहे. जुना २८ चा दर लावलेला नाही ना, हे तपासा.

तिसरं, काढलेला जुना पार्ट परत. पैसे भरून बदललेला पार्ट तुमचा आहे. हे आधीच जॉब कार्डवर लिहून घ्या.

चौथं, गॅस ग्रॅममध्ये. किती ग्रॅम लागतो याचं स्टिकर बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली असतं. बिलात तेवढाच आकडा दिसला पाहिजे.

इतकं मागूनही टोलवाटोलवी झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या मागे मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. आणि पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारे आप्पांसारखे लोकही या कायद्याने ग्राहकच आहेत. "तुमची टॅक्सी आहे, तुम्ही व्यावसायिक" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

शेवटी, हे पेपरात का येत नाही असं दोघा-तिघांनी मला विचारलं. वीस वर्षं या धंद्यात आहे म्हणून सांगतो. गुढीपाडव्याला, दसऱ्याला, धनत्रयोदशीला कोणताही पेपर उघडा आणि पहिल्या पानावर कोणाच्या जाहिराती आहेत ते मोजा. जिल्हा पेपरचं वर्षाचं गणित त्या पानांवर चालतं. कोणी फोन करून बातमी थांबवावी लागते असंही नाही. विषय मीटिंगमध्ये निघतच नाही. म्हणून इथे लिहितोय.

माझी मागणी साधी आहे. ज्या वर्कशॉपमध्ये एसीचं काम होतं, तिथे तपासणीचा लेखी रिपोर्ट ग्राहकाला देणं कायद्याने सक्तीचं व्हावं. अधिकृत असो की गल्लीतलं. रिपोर्ट बघून ज्याला ५२ हजारांचं काम तिथेच करायचं असेल तो करेल, कोणी अडवत नाही.

तोवर एक काम करू. मागच्या दोन वर्षांतली तुमची एसीची एस्टिमेटं आणि बिलं मला इनबॉक्सला पाठवा. नाव, नंबर झाकून. वॉरंटी संपलेली कोणत्याही कंपनीची गाडी चालेल. शंभर कागद जमले की मी ते घेऊन जिल्हा पुरवठा कार्यालयात आणि खासदारांच्या कार्यालयात जाणार आहे. एकट्या आप्पांचा कागद बाजूला ठेवता येतो, शंभरांचा गठ्ठा टेबलावरून हलवायलाही दोन हात लागतात.

उन्हाळा लांब नाही. पाठवा.